हात, आवाज आणि आमचे सर

सरांबद्दल कुणी गहिवरून बोलायला लागलं की मी समजते, ह्या माणसानं त्यांच्याबरोबर काम केलेलं नाही. मी केलंय, जालन्यात, बरीच वर्षं. त्यातला एक आठवडा असा गेला नसेल की मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं नाही, "उद्या सोडते ही नोकरी." नवरा बियाण्यांच्या कंपनीत होता, शांत माणूस. तो म्हणायचा, "सोड." आणि सकाळी मी डबा घेऊन पुन्हा दवाखान्याच्या फाटकात.

सर मेंदूचे डॉक्टर. ऑपरेशन करणारे नव्हेत, औषधं देणारे. मोठ्या शहरात शिकले होते, तिथं चांगला जम बसत होता, तरी सगळं सोडून ते जालन्याला आले. का आले, हे विचारलं तर म्हणत, "मंग कुठं जायचं होतं?" मूळचे शहागडचे, घरी भरपूर शेती. बोलणं शेवटपर्यंत तसंच राहिलं. मी साताऱ्याची, लग्न होऊन इकडं आलेली, नुकती मेडिसिनची एम.डी. झालेली. मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझी सर्टिफिकेटं उघडलीसुद्धा नाहीत. म्हणाले, "मॅडम, त्या फाटकापर्यंत चालून दाखवा." मला वाटलं, गंमत करतायत. ते गंमत कधीच करत नसत हे मला नंतर कळलं. मी चालले. परत आले तेव्हा म्हणाले, "तुमची डावी चप्पल जास्त झिजत असंल." झिजत होती. "सोमवारपासून या," म्हणाले आणि आत गेले. पगार किती, वेळ काय, काही नाही.

त्यांना तपासायची खोली होती, पण ते तिच्यात बसत नसत. खुर्ची व्हरांड्यात. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत पेशंट चालत येई तेवढ्यात त्यांची निम्मी तपासणी झालेली असे. नातेवाईक दोन्ही बाजूंनी धरून आणायचे, तर हे लांबूनच ओरडायचे, "सोडा त्यांना. एकटं येऊ द्या." एकदोघं पडलेसुद्धा. मग नातेवाईक भांडायचे, आणि भांडण ऐकायला मी. सर तोवर पुढच्या पेशंटच्या चपलांकडं बघत असायचे.

दुसरं म्हणजे मोसंबी. शहागडच्या बागेतली पोती भरून यायची आणि सर एमआरआयची फिल्म उजेडात धरून बघता बघता मोसंबी सोलायचे. मोठ्या कष्टानं छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, काढून आणलेल्या फिल्मवर रसाचे डाग पडायचे. पुढच्या डॉक्टरांनी "हा पांढरा ठिपका कशाचा?" असं विचारलं की उत्तर मला द्यावं लागे.

आणि पेशंटला ते कधी "घाबरू नका" म्हणायचे नाहीत. मी म्हटलं की चिडायचे. "कामून घाबरू नका? तुम्ही असता तर घाबरल्या नसत्या का?" मी म्हणायचे, "सर, धीर द्यावा लागतो." ते म्हणायचे, "धीर बोलून येतो का?" प्रश्नाला प्रश्न. त्यांना साधं "आज ऊन जास्त आहे ना" म्हटलं तरी "काल कमी होतं का?" असं यायचं. पेशंटला सुद्धा ते पहिल्यांदा कापसाचं नाहीतर सोयाबीनचं विचारायचे. लोकांना वाटायचं, किती आपुलकी आहे डॉक्टरसायबांना. त्यांना कापसाशी काही देणंघेणं नव्हतं. ते आवाज ऐकत असत.

भानुदासराव आले ते असेच एका सकाळी फाटकातून. तीर्थपुरीच्या बाजारात धान्याची बोली पुकारणारे. अडत्यांकडं माल आला की पोत्यांच्या ढिगाजवळ उभं राहून भाव पुकारायचा, व्यापाऱ्यांच्या बोटांकडं आणि डोळ्यांकडं बघत तो चढवत न्यायचा, हे त्यांचं काम. वय पन्नाशीच्या आसपास. पार्किन्सनचा आजार. उजवा हात मांडीवर ठेवला तरी थरथरायचा, पावलं जमिनीला चिकटायची. गोळ्या चालू होत्या, पण आता गोळीचा असर येई न येई तोच उतरायचा. घास तोंडापर्यंत पोचत नव्हता, म्हणून त्यांना बायको भरवायची. कांताबाई. त्यांच्याबरोबर आल्या होत्या आणि सरांनी "सोडा त्यांना" म्हटल्यावर तिथंच फाटकापाशी थांबल्या होत्या.

"काय करायचंय तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"म्हंजे?"

"बरं झाल्यावर काय करायचंय?"

"बोली लावायची," भानुदासराव म्हणाले. "लोकं हसून राह्यलेत हाताला. पन आवाज अजून हाय माझा."

होता खरंच. ह्या आजारात आवाज हळूहळू बारीक होत जातो, पुटपुटल्यासारखा होतो. ह्यांचा व्हरांड्यातून रस्त्यापर्यंत जात होता. सर खुर्चीत पुढं सरकून बसले, आणि ते पुढं सरकून बसले की पुढचे काही महिने माझे गेले हे मला एव्हाना माहीत झालं होतं.

त्या काळात मेंदूत खोलवर बारीक तारा बसवून थरथर थांबवण्याचं ऑपरेशन आपल्या देशात मोजक्या ठिकाणी व्हायला लागलं होतं. डोक्याला दोन छिद्रं पाडून तारा आत सोडतात, छातीवर गळ्याच्या हाडाखाली कातडीत पेसमेकरसारखं यंत्र बसवतात, आणि त्यातून मेंदूला सतत थोडाथोडा करंट मिळत राहतो. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की संपलं. खरं काम नंतरच असतं. तारेवरच्या कुठल्या टोकातून, किती करंट, किती वेगानं, हे बाहेरून जुळवावं लागतं, पुन्हा पुन्हा, कित्येक महिने. तेवढ्यासाठी तीर्थपुरीच्या माणसानं दर वेळी हैदराबाद नाहीतर मुंबईला जायचं, हे सरांना मान्य नव्हतं. म्हणून सरांनी, आपण साठीकडं झुकलोय हे विसरून, हैदराबादच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ह्या विषयाच्या प्रगत प्रशिक्षणाला नाव घातलं. स्वतःचं आणि माझंही. मला सांगितलं ते तिकीट काढून झाल्यावर.

"सर, माझ्या मुलीची परीक्षा आहे," मी म्हटलं.

"परीक्षा तिची हाय का तुमची?"

मी गेले. नवऱ्यानं मुलीची परीक्षा पार पाडली आणि मला अजूनही मधूनमधून ऐकवतो.

तिथं आलेले बाकीचे डॉक्टर तरुण, टायवाले, दिल्ली-चेन्नईकडचे. सर एकाच रंगाच्या सफारीत, हातात मोसंब्यांची पिशवी. शिकवणारे सर्जन परदेशात शिकून आलेले, फार सभ्य गृहस्थ होते, आणि त्यांच्या सभ्यपणाची आमच्या सरांनी रोज परीक्षा घेतली. प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी हात वर. शिकवण्याचा विषय तारेचं टोक मेंदूत नेमकं कुठं पोचलं पाहिजे हा असो, की पेशंट निवडायचा कसा हा असो, सरांचा प्रश्न ठरलेला: घरी गेल्यावर त्याला कोण बघणार? सर्जन म्हणायचे, पेशंट आमच्याकडे परत येतील. सर विचारायचे, कशानं येतील? शेवटी शेवटी सरांचा हात वर झाला की मागच्या बाकांवर हळूच हसू पसरायचं. मी वहीत मान घालायची.

पण एका गोष्टीत ते सगळ्यांच्या पुढं होते, हे मला कबूल करावं लागेल. वॉर्डातले निम्मे पेशंट जुन्या हैदराबादचे. टायवाले इंग्रजीत विचारायचे, नर्स भाषांतर करायची. सर पलंगाच्या कडेवर बसून सरळ दखनीत सुरू व्हायचे, "चचा, जरा उंगलियाँ ऐसे ऐसे करो ना. खानाच खाया क्या नई?" त्यांचे वडील निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, ती भाषा ह्यांच्या घरातलीच. म्हातारे पेशंट ह्यांची वाट बघायचे. मला ते बघून बरं वाटायला लागतं न लागतं तोच ह्यांनी काहीतरी केलेलं असायचंच.

उदाहरणार्थ ती चौकट. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या डोक्याला धातूची एक चौकट घट्ट बसवतात. तिच्यावरून मोजमाप काढून तार आत कुठं सोडायची ते ठरतं, त्यामुळं ती केसभरसुद्धा वाकून चालत नाही. शिकण्यासाठी तशीच एक वर्गात ठेवली होती. एका दुपारी सर्जन मला शोधत आले, चेहरा लाल. "मॅडम, तुमचे सर कँटीनमध्ये आहेत. कृपा करून या."

सर कँटीनच्या मधल्या टेबलाशी बसले होते, डोक्याला ती चौकट लावून. अर्थात खिळे न रोवता, रुमालाच्या घड्या खाली घालून. हातात चहाचा कप, आणि तो चौकटीच्या दांड्याला अडत असल्यानं ओठाशी पोचत नव्हता. आजूबाजूला नर्सा, वॉर्डबॉय, पेशंटचे नातेवाईक.

"सर, ते काढा," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"थांबा. हे लावून चहा पिता येत न्हाई. हे कुणी सांगितलं का आपल्याला?"

सर्जन फार संयमानं म्हणाले, "सर, चहा पाजत नाहीत. ऑपरेशनआधी पेशंट उपाशी असतो."

"मंग तहान लागत नसंल का त्याला?"

सर्जननी माझ्याकडं बघितलं. मी माफी मागितली, सरांच्या वतीनं, जशी मी रोज कुणाची ना कुणाची मागायची. चौकट उतरवून तपासायला नेली. सर राहिलेला चहा पिऊन म्हणाले, "मान लई अवघडती." त्या दुपारनंतर मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

प्रशिक्षण संपलं, आणि काही दिवसांनी भानुदासरावांचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात ठरलं. त्यांच्या थोरल्या भावानं खर्चाचं बघितलं. सर्जननी मोठ्या मनानं आम्हा दोघांना आत उभं राहायची परवानगी दिली, सरांना एका अटीवर: काही हात लावायचा नाही.

ह्या ऑपरेशनात पेशंट जागा असतो. तार आत सरकत असते, थोडा करंट देऊन बघतात, आणि पेशंटशी बोलत राहतात, म्हणजे थरथर थांबली का, जीभ जड झाली का, हे तिथल्या तिथं कळतं. सर्जन म्हणाले, एक ते दहा अंक म्हणा. भानुदासरावांनी म्हटले. सर भिंतीपाशी उभे होते. हात लावायचा नाही असं सांगितलं होतं, बोलायचं नाही असं नव्हतं.

"भानुदासराव, अंक राहू द्या. ज्वारीची बोली लावा."

आणि त्या हिरव्या कपड्यांच्या, थंडगार खोलीत डोक्याला चौकट रोवलेला तो माणूस पडल्या पडल्या ज्वारीचा भाव पुकारायला लागला. भूल देणारे डॉक्टर दचकून उठले. सर्जननी हळूहळू करंट वाढवला. उजवा हात, कित्येक वर्षं थरथरणारा, आपोआप शांत होत गेला आणि चादरीवर पडून राहिला. मी तो बघत राहिले. सर हाताकडं बघतच नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते. करंट आणखी एक पायरी चढला तसा भाव पुकारणारा आवाज जाड झाला, शब्द एकमेकांत मिसळायला लागले.

"आवाज जाऊन राह्यला," सर म्हणाले. "तार जरा सरकवा."

"थरथर पूर्ण थांबलीय," सर्जन म्हणाले. "ह्याहून चांगला परिणाम मी पाहिला नाही. पुन्हा तार घालायची म्हणजे रक्तस्रावाचा धोका. तो मी घेणार नाही."

  सर्जनचं बरोबर होतं आणि ते सरांनाही समजत होतं.

जालन्याला परतल्यावर जे व्हायचं तेच झालं. करंट जुळवायचं मशीन कंपनीनं छोट्या गावाला द्यायला किती खळखळ केली आणि सरांनी त्यांच्या माणसाला व्हरांड्यात बसवून काय काय ऐकवलं, ते सांगत बसत नाही. मशीन आलं. आणि मग दर आठवड्याला भानुदासराव, कांताबाई, सर आणि मी. करंट वर नेला की हात स्थिर, माणूस आपल्या हातानं वरणभात खातोय, आणि बोलणं तोंडात वाटाणे धरल्यासारखं. खाली आणला की आवाज खणखणीत आणि हात पुन्हा सुरू. सर टोकं बदलून बघायचे, वेग बदलून बघायचे. दुपारचे पेशंट खोळंबायचे. मी म्हणायचे, "सर, हे आता इतपतच होईल." ते म्हणायचे, "कुणी ठरवलं?" मला खात्री होती की ह्या माणसाला थांबायचं कुठं हेच कळत नाही.

एकदा भानुदासरावांचा थोरला भाऊही बरोबर आला आणि हात जोडून म्हणाला, "सायब, हात बराबर झाला, आता बस करा. घरात बसून खाईल, पिईल."

भानुदासराव जड जिभेनं म्हणाले, "हात घेऊन काय करू."

सरांनी कांताबाईंकडं बघितलं. त्या भिंतीशी उभ्या होत्या. "आवाज त्यांचा हाय सायब," त्या म्हणाल्या. "पन भरवायचं, धुवायचं, माझ्या वाट्याला येतं. मला इचारता तर हात राहू द्या."

मला ते पटलं. सरांना दोघांचंही पटलं असावं, कारण त्यांनी मग ती गोष्ट केली जिला मी पहिल्यापासून विरोध केला होता. यंत्राबरोबर एक छोटा रिमोट येतो. डॉक्टर दोन मर्यादा घालून देतात आणि त्यांच्या आत करंट घरी कमीजास्त करता येतो. बाजाराच्या वेळी कमी, जेवणाच्या वेळी जास्त. हैदराबादला सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं की हे सगळ्यांच्या हाती देऊ नका. सरांनी दिला. आणि करंट कमी असताना भानुदासरावांच्या बोटांना ती बारीक बटणं दाबता येत नसत, म्हणून तो कांताबाईंच्या हातात दिला. व्हरांड्यात बसवून त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा दाबून घेतला.

भानुदासराव बाजारात उभे राहायला लागले. तीर्थपुरीहून येणारा प्रत्येक पेशंट सांगायचा, काय आवाज लागतो म्हणे. सर ऐकून घ्यायचे आणि त्याला चालायला सांगायचे.

काही महिन्यांनी नवरा-बायको तपासणीला आले. बाजाराचा दिवस होता. मी विचारलं, आज बाजार सोडून कसे? भानुदासराव काहीतरी म्हणाले ते मला कळलं नाही. मशीन छातीवर धरून बघितलं, तर करंट वरच्या मर्यादेला टेकलेला.

"बाजाराच्या दिवशी कमी करायचा ना?" मी कांताबाईंना विचारलं.

 भानुदासरावांनी स्थिर उजव्या हातानं त्यांच्याकडं बोट दाखवलं आणि जड जिभेनं, एकेक शब्द ढकलत म्हणाले, "ती. कमीच. करत न्हाई. माझा आवाज. बंद करून टाकला."

सर व्हरांड्यातून आत आले. "कामून, बाई?"

 कांताबाई सावकाश, आवाज न चढवता बोलल्या. "आवाज आला की पयली शिवी मला बसती सायब. बाजारातून आले की सुरू. चहा थंड हाय, भाकर कडक हाय. माह्या माहेराचं काढत्यात, शेजारी ऐकत्यात. आजारात गप झाल्ते. मला वाटलं गेलं ते. तुमी आवाज परत दिला, त्याच्याबरूबर ते बी आलं."

 मी सरांकडं बघितलं. ऑपरेशन थिएटरात डोळे मिटून ह्या आवाजासाठी भांडलेला माणूस खाली फरशीकडं बघत होता.

मग ते म्हणाले, "रिमोट बाईकडंच राहील. त्यांना वाटंल तसा ठेवतील."

आता मला राहवलं नाही. मी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. म्हटलं, सर, शरीर त्या माणसाचं आहे, मेंदू त्याचा आहे. तो कसाही असला तरी त्याची जीभ दुसऱ्या कुणी बंद करायची हे चालणार नाही. तुम्ही डॉक्टर आहात, न्यायाधीश नाही. मुळात हे असं होऊ शकतं म्हणूनच रिमोट देऊ नका म्हणून हैदराबादला सांगत होते, आणि मीही सांगत होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचं बराबर हाय," म्हणाले. मी थक्क झाले. पुढं म्हणाले, "मंग तुम्हीच सांगा तिला."

आणि खुर्चीत जाऊन बसले. अडचण आपण करायची आणि बोलायला मला पाठवायचं, ही त्यांची जुनी रीत. मी दात आवळून परत गेले आणि कांताबाईंना समजावलं, शक्य तितक्या चांगल्या शब्दांत. त्यांनी मान डोलावली. पिशवीतून रिमोट काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"घ्या मंग," त्या म्हणाल्या. "ह्यांच्याकडं द्या न्हाईतर तुमच्याकडं ठेवा. मी माहेरी जाते. उद्यापासून ह्यांना भरवायला कुणी बी या."

रागानं नाही. भाजीवालीनं तराजू खाली ठेवावा तसं. सर दारात येऊन उभे राहिले होते.

टेबलावरचा रिमोट उचलला तो भानुदासरावांनी. हात तेव्हा अगदी स्थिर होता. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला. त्या घडीला आपल्या हातानं करंट कमी करणं त्यांना शक्य होतं, पण एकदा कमी झाला की तो पुन्हा वाढवायला बोटं बटणावर ठरली नसती. आम्ही तिघंही त्यांच्याकडं बघत होतो. मग त्यांनी तो कांताबाईंच्या पिशवीत टाकला.

"ठिव," ते म्हणाले. जीभ जड होती, पण तो शब्द सगळ्यांना कळला. थोड्या वेळानं आणखी काहीतरी म्हणाले. मला समजलं नाही. कांताबाईंना समजलं, त्या म्हणाल्या, "बघू."

त्यानंतर पुन्हा बोली सुरू झाली असं कानावर आलं. मी सरांना म्हटलं, आपण जाऊन बघायला हवं, घरी काय चाललंय ते. ते म्हणाले, "लोकांच्या घरात कामून जायचं?" आणि पुढच्याच बाजाराच्या दिवशी सकाळी गाडी काढून माझ्या दारात हजर. माझ्या घरी त्या दिवशी पाहुणे होते, हे सांगायची सोय नव्हती.

तीर्थपुरीचा बाजार भरला होता. आम्ही एका दुकानाच्या ओट्यावर उभे राहिलो. भानुदासराव पोत्यांच्या ढिगापाशी, उजवा हात पाठीमागं डाव्या हातानं धरून ठेवलेला, आणि आवाज सगळ्या गलबल्याच्या वरून. भाव चढवायची त्यांची एक लकब होती, मधेच थांबून एखाद्या व्यापाऱ्याकडं नुसतं बघायचं. तो मान हलवायचाच. कांताबाई मागं एका रिकाम्या पोत्यावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. ढीग संपला. त्यांनी पिशवीत हात घातला आणि विचारलं, "वाढवू का?"

"जरा थांब. त्या शेटजीशी बोलायचंय."

त्या थांबल्या. ते बोलून आले, पोत्यावर टेकले आणि त्यांनी मान हलवली. मग कांताबाईंनी रिमोट त्यांच्या छातीशी धरला. हात शांत झाल्यावर दोघांनी डबा उघडला. घरी शिव्या बंद झाल्या होत्या का, मला माहीत नाही. अगदी बंद झाल्या असतील असं वाटत नाही.

परतीच्या वाटेवर मी वाट बघत होते की सर आता तरी काही बोलतील. तो आवाज त्यांनी मिळवून दिला होता, मला वाटत होतं थोडा आनंद तरी दाखवतील. त्यांनी आधी रस्त्याला नावं ठेवली. मग म्हणाले, "उजवा खांदा बघितला का?"

"चांगला होता की, सर. ताठरपणा बराच कमी झालाय."

"त्यांचा न्हाई. बाईचा. डबा डाव्या हातानं काढला. हात खांद्याच्या वर जातच न्हाई तिचा. इतकी वर्षं ह्यांना उचलून उचलून." पुढं म्हणाले, "त्यांच्यासाठी हैदराबाद केलं. ती दर खेपेला समोर उभी व्हती. आपल्यातल्या कुणी तिला चालायला सांगितलं का?"

पाहुणे सोडून आलेली मी, दिवसभर उन्हात उभी राहिलेली, आणि वरून हे "आपल्यातल्या". मी खिडकीबाहेर बघत बसले.

सोमवारी कांताबाईंना बोलावून घेतलं. त्या फाटकातून एकट्या चालत आल्या, सावकाश, उजवा हात अंगाला चिकटवून. भानुदासराव मागं, त्यांची पिशवी घेऊन. सकाळी करंट कमी ठेवलेला असावा, कारण पिशवी सारखी हलत होती. सरांनी दुसरी खुर्ची पुढं ओढली. त्या बसायला तयार नव्हत्या, सवय नव्हती. शेवटी टेकल्या.

"कुठं दुखतं?" सरांनी विचारलं.

"खांद्याला दुखतंय सायब तिच्या," भानुदासराव खणखणीत आवाजात म्हणाले. "रातच्याला झोप बी न्हाई बराबर. मी म्हनलं व्हतं तिला—"

सरांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुम्हाला न्हाई इचारलं," म्हणाले. "त्यांना बोलू द्या."

भानुदासराव गप्प झाले. कांताबाईंनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मग खांद्यापासून सुरुवात केली. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी दोनदा सरांना खुणावलं, त्यांनी लक्ष दिलं नाही. त्या खूप वेळ बोलत होत्या.